घेण्यासारखं विमान

“पायलटचं बी आता घरूनच काम असतं व्हय?”

सोयगावहून भेटायला आलेल्या एका बाईंनी आत्याच्या कानाशी लागून हे विचारलं. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. समोर अमोलदादाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आतलं टेबल, त्यावरचे दोन मोठे स्क्रीन, विमानाचं स्टिअरिंग, खाली पायाशी पॅडल... सगळं काकूने झाडूनपुसून ठेवलेलं. आत्याने पदर सावरला आणि पूर्ण खात्रीने सांगितलं, “मग! करोनापासून तसंच केलं कंपन्यांनी. ह्यो हितून चालवायचा, इमान तिकडं मुंबईला उतरायचं.” बाई थोडा वेळ त्या टेबलाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “लई डोकं लागत आसंल.” “तर!” असं म्हणून आत्याने माझ्या ट्रेमधला कप उचलला.

कोणी हसलं नाही. मीही नाही. भाऊ पलीकडे खुर्चीत बसले होते, त्यांनीही हे ऐकलं असणार, कारण त्यांनी घसा खाकरला आणि दुसऱ्या कुणाशी तरी पावसाचं बोलायला लागले.

अमोलदादा माझा चुलतभाऊ. पितृपंधरवड्यात डेंग्यूने गेला. आता दिवाळीही होऊन गेली, म्हणजे आमच्याकडे ती झाली नाही, गल्लीत झाली. भाऊ म्हणजे त्याचे वडील, माझे मोठे काका. घरात आणि घराबाहेर सगळे त्यांना भाऊच म्हणतात. गारखेड्यात आमचं दुमजली घर आहे, खाली भाऊंचं कुटुंब आणि वर आम्ही. दादा गेल्यावर चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. पांढरा शर्ट, काळा टाय, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मागे निळं आकाश आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘कॅप्टन अमोल’. त्याच्या शर्टावर इतक्या पट्ट्या कधीच नव्हत्या. फ्लेक्सवाल्याने त्या संगणकावर वाढवल्या, भाऊंनी हौसेने वाढवून घेतल्या. भरल्या डोळ्यांनी तो फ्लेक्स बघणाऱ्या माणसांना मला काही सांगावंसं वाटत होतं, पण मला रस्त्यात उभं राहून बोलता येत नाही. घरात बसूनही फारसं येत नाही.

आमची मूळची शेती बिडकीनला. ती औद्योगिक पट्ट्यात गेली, मोबदला आला, आणि तेव्हा त्या भागातल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न होता की आता याचं काय करायचं. कुणी गाड्या घेतल्या, कुणी मंगल कार्यालय काढलं. भाऊंनी मुलाला पायलट करायचं ठरवलं. दादा तेव्हा नुकताच बीएस्सी झाला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण त्याने नकोही म्हटलं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. विमानं त्याला लहानपणापासून आवडायची. चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या कुंपणाशी सायकल टेकवून तो तासन् तास उभा राहायचा. भाऊंनी तेवढंच पाहिलं. दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये तो गेला, तिथे छोटं, एका इंजिनाचं विमान चालवायला शिकला आणि लायसन्स घेऊन आला. गावात मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरवर, गुलालात, गळ्यात झेंडूचा हार घातलेला दादा... त्या फोटोत तो हसतोय, पण नजर कॅमेऱ्याकडे नाही, खाली ट्रॅक्टरच्या चाकाकडे आहे.

लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे, हे आम्हाला नंतर कळलं. मोठं प्रवासी विमान चालवायचं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, ते लायसन्सइतकंच महाग, आणि ते करूनही बोलावणं येईलच असं नाही. त्याच्याबरोबर शिकलेली कितीतरी मुलं घरी बसून होती. दादाने काही परीक्षा दिल्या, एका मुलाखतीला दिल्लीला जाऊन आला. भाऊ विचारणाऱ्याला सांगायचे, “हाय प्रोसेस चालू.” मग लॉकडाऊन आलं आणि विमानंच थांबली.

घरून काम करणाऱ्या पायलटची गोष्ट तेव्हा सुरू झाली. मी वरच्या मजल्यावर पुण्याच्या एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासायचं काम करत होते, कानाला हेडफोन लावून. खाली दादा कानाला हेडफोन लावून सिम्युलेटर चालवत होता. सिम्युलेटर म्हणजे संगणकावरचं विमान उडवणं. जगभरातले हौशी लोक त्यावर एकत्र येतात, कुणी पायलट होतो, कुणी कंट्रोल टॉवरवाला, आणि अगदी खऱ्यासारखं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. आत्या तेव्हा आमच्याकडे अडकून पडली होती. तिने दोन्ही मजल्यांवर तोच देखावा पाहिला आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, “दोघं बी घरूनच काम करत्यात बाई, पोरगी वरून अन् पोरगा खालून.” भाऊ शेजारी बसले होते. त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. तेव्हाही त्यांनी घसाच खाकरला होता.

भाऊंबद्दल मला इथे कडू लिहायचं आहे, आणि ते लिहिताना हेही लिहायला हवं की त्यांनी मुलावर कधी आवाज चढवला नाही. त्यांना फक्त दुसरं काही ऐकू यायचं नाही. दादा म्हणायचा, “भाऊंसंगं बोलणं म्हंजी टॉवर बंद असताना लँडिंगची परमिशन मागणं. आपण मागत राहायचं.”

त्याला एक विमान घ्यायचं होतं. सिम्युलेटरबरोबर काही विमानं फुकट मिळतात. ती दिसायला छान असतात, पण आतून पोकळ. एक बटण दाबलं की इंजिन सुरू होतं आणि चुकलात तरी विमान सांभाळून घेतं. काही कंपन्या मात्र एकेक विमान वर्षानुवर्षं खपून बनवतात आणि वेगळं विकतात. त्यात कॉकपिटमधला प्रत्येक खटका खरा चालतो. तेल गरम व्हायला वेळ लागतो, बॅटरी उतरते. इंजिन चुकीचं सुरू केलं तर जळतं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तरी जळलेलंच असतं. अशा एका विमानावर दादाचा जीव होता. दोन पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, लहान गावांच्या धावपट्ट्यांवर उतरणारं. ते घेण्यासारखं आहे की नाही, यावर तो वर्षभराहून जास्त विचार करत होता, आणि त्या विचारात त्याने मला घेतलं होतं, कारण मी इंग्रजी शाळेतली.

दुपारी माझं काम संपलं की तो वर यायचा, कपाटाला पाठ टेकवून फरशीवर बसायचा आणि म्हणायचा, “हं मॅडम, वाचा.” मी लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचे आणि मराठीत सांगायचे. विमानाच्या खटक्यांचं इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं यायचं, पण लोक जेव्हा लांबलचक टोमणे मारत लिहायचे तेव्हा तो अडायचा. त्याची एक पद्धत होती. कुणी चित्रांची, रंगाची, खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याची स्तुती केली की तो हात हलवायचा, “पुढं चल, हा प्रवासी हाय.” कुणी लिहिलं की थंडीत इंजिन सुरू करताना सुई अमुक ठिकाणी अडखळते, की तो पुढे सरकून बसायचा. “हे परत वाच. ह्यानं खरं चालवलंय.” एकदा एकाने लिहिलं होतं की हे विमान ‘अनफर्गिव्हिंग’ आहे. मला पटकन मराठी सुचेना. मी म्हटलं, “माफ न करणारं.” दादा म्हणाला, “म्हंजी तुझ्या काकूसारखं.” खालून त्याच्या आईला, माझ्या काकूला, आमचं हसणं ऐकू गेलं. तिने विचारलं, “काय रे, काय झालं?” तर तो ओरडला, “काय नाय आई, इमानाचं चाललंय!”

किंमत हे कारण नव्हतं. भाऊ स्वतः दोन-तीनदा म्हणाले होते, “घेऊन टाक की ते इमान. त्यानं नोकरी लागती का लवकर?” दादा म्हणायचा, “बघतो.” आधी म्हणाला, आपल्या संगणकावर ते अडखळेल. म्हणून नवीन ग्राफिक कार्ड आलं. मग म्हणाला, अजून त्यात सुधारणा यायच्या आहेत, त्या येऊ दे. त्या आल्या. मग त्याने मला बनवणाऱ्या कंपनीला एक मेल लिहायला लावला. प्रश्न असा होता की बॅटरी अर्धवट उतरलेली असताना घाईने इंजिन सुरू केलं आणि इंधन जरा लवकर सोडलं, तर तुमचं विमान काय करतं? मी तो दोनदा नीट करून लिहिला. उत्तर आलं, एका ओळीचं आणि सभ्य. खरं विमान जे करतं तेच करतं. मी ते वाचून दाखवलं आणि आता तो खूश होईल म्हणून त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीवर बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत होता.

“मिने, माझं मागं असंच झालं होतं,” तो म्हणाला. “शिकताना. इंजिन वाचलं. सर शेजारी होते म्हणून.”

मी बोलत नाही म्हणूनच तो मला सांगायचा, असं मला वाटतं.

मग त्याने सगळंच सांगितलं. वर गेलं की तो भीतीने खाली उतरायची मिनिटं मोजायचा, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. विमान त्याला आवडायचं, त्याचे आवाज, त्याच्या तारा, ढग कसे बनतात, वारा धावपट्टीवर आडवा का येतो हे सगळं आवडायचं. फक्त त्यात बसून वर जायला आवडायचं नाही. शहरात एक शिकवणी आहे, पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांना लेखी परीक्षेचे विषय शिकवणारी. तिथल्या सरांनी त्याला हवामानशास्त्र शिकवशील का म्हणून विचारलं होतं. तो दोनदा जाऊन शिकवूनही आला होता, घरात मित्राकडे जातो म्हणून सांगून. “पोरं प्रश्न विचारतात गं,” हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. पण भाऊंना कसं सांगायचं? पायलटचा मास्तर झाला, हे त्यांनी गावात कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून त्याने स्वतःशीच एक करार केला होता. ते विमान घ्यायचं. त्यात बसायचं. अजून चालवता येत असेल तर पुन्हा परीक्षेला बसायचं, त्या भीतीसकट. येत नसेल तर भाऊंना सरळ सांगायचं आणि शिकवायला लागायचं. विमान विकत घेणं म्हणजे त्याच्यासाठी निकाल लावून घेणं होतं. तोवर तो नापासही नव्हता आणि पासही नव्हता... आणि भाऊंच्या तोंडी पायलट होता.

“घेऊ का?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “अजून दोन-तीन अभिप्राय वाचू.”

त्याचा मित्र इम्रान याला हे सगळं माहीत होतं. दोघं एकाच बॅचचे. इम्रानचीही नोकरी लागली नाही, आणि तो आता वडिलांच्या गाद्या-पडद्यांच्या दुकानात बसतो. तो यायचा तेव्हा दादाच्या खुर्चीत बसून गोल गोल फिरायचा आणि म्हणायचा, “मत ले भाई. सीधा अब्बा को बोल दे, सस्ता पड़ेगा.” दादा म्हणायचा, “तू बोललास तेव्हा काय झालं?” “काय होणार? दो महिने बात नहीं किए. फिर एक दिन बोले, दुकान की चाबी ले, मेरे घुटने दुख रहे. खतम.” दादा हसायचा, पण त्याच्या हसण्यात हेवा स्पष्ट दिसायचा. दोन महिन्यांचा अबोला हीसुद्धा त्याला मोठी सुविधा वाटत असावी.

मग श्रावणात पैठणकडचे पाहुणे आले, दादासाठी स्थळ घेऊन. कांदेपोहे झाले, आणि भाऊ म्हणाले, “अमोल, ड्रेस घालून ये. दाखव पाहुण्यांना.” दादाला वाटलं थट्टा आहे. भाऊ थट्टा करत नव्हते. तो आत गेला आणि पांढरा शर्ट, टाय घालून आला. सगळे त्याच्या खोलीत दाटीने उभे राहिले. मुलीचे वडील, मामा, आई, मागे मुलगी आणि दारात मी. त्याने फुकटातलं विमान लावलं, बटण दाबलं, चिकलठाण्याहून उडवलं. मुलीच्या मामांनी विचारलं, “ह्यात आता माणसं बसलेली हायेत का?” दादाच्या आधी भाऊंनी उत्तर दिलं, “ट्रेनिंगचं हाय हे. कंपनीचं.” मुलीच्या आईने पेट्रोल किती लागतं ते विचारलं. मग मुलगी मामांच्या मागून पुढे आली. तिने विचारलं, “आणि हे पडलं तर?”

“परत सुरू करायचं,” दादा म्हणाला. तो तिच्याकडे बघून म्हणाला, आणि मला वाटतं त्या खोलीत ती एकटीच होती जिला कळलं. पाहुण्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. ते गेल्यावर दादा शर्ट न बदलता जिन्यात येऊन बसला. म्हणाला, “मिने, ते विमान घेतो.”

पितृपक्ष लागण्याच्या आदल्या रविवारी त्याने ते घेतलं. सकाळभर डाउनलोड चाललं होतं. इम्रान आला होता, मी होते. भाऊ बाहेर पेपर वाचत होते. दादाने पुस्तिका मांडीवर घेतली नाही, सगळं पाठ होतं. बॅटरी, पंप, स्टार्टर... त्याचे हात अगदी सराईत चालत होते, आणि मग एका क्षणी, जिथे थांबायला हवं होतं तिथे तो थांबला नाही. इंधन लवकर सोडलं. तापमानाची सुई उठली ती उठतच गेली. इम्रान म्हणाला, “काट, काट!” तोवर इंजिन गेलं होतं. स्फोट नाही, आग नाही, काही नाही. फक्त एक दिवा लागला आणि पंखा हळूहळू थांबला. त्याने नवीन इंजिन लावून पुन्हा सुरू केलं, या वेळी जमलं. उडाला. शहरावरून एक फेरी घेऊन परत आला आणि आडव्या वाऱ्यात उतरताना धावपट्टी सोडून बाहेर गेला. पुन्हा उडाला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने उतरायचा प्रयत्न केला नाही. स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. विमान कुठेतरी खाली जात राहिलं. आम्ही तिघंही ते बघत होतो.

मला वाटलं आता तो रडेल. त्याने खुर्ची मागे सरकवली, उभा राहिला, हात वर करून मोठा आळस दिला आणि म्हणाला, “आई, जेवायला काय केलंय?”

त्या दिवशी मटण होतं. मीही खालीच जेवले. दादा भाऊंच्या शेजारी बसला होता, आणि इतकं बोलत होता की काकू वाढता वाढता थांबून त्याच्याकडे बघायला लागली. त्याने इम्रानची नक्कल केली, आत्याची केली, भाकरी मागून घेतली, रस्सा मागून घेतला. भाऊ म्हणाले, “आज लई भूक लागली रे?” तो म्हणाला, “व्हय भाऊ. लई दिवसांनी.” जेवण झाल्यावर मी वर निघाले तेव्हा तो जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “घेण्यासारखं होतं, मिने. एकदम घेण्यासारखं.” मी त्याला इतकं हलकं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

आता भाऊंना सांगायचं तेवढं उरलं होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. आमच्याकडे त्या पंधरवड्यात काही नवीन करायचं नाही, ठरवायचं नाही, महत्त्वाचं बोलायचंही नाही. काकू ते फार कडक पाळते. दादाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण भाऊंचा होता, आणि भाऊंनी पुढे आयुष्यभर म्हणायला नको की पोरानं पितरांच्या दिवसांत हे सांगितलं. “घट बसू दे,” तो म्हणाला. “घट बसले की त्याच दिवशी सांगतो. शिकवणीवाल्या सरांनाही दसऱ्यापासून येतो म्हणून सांगितलंय.”

घट बसायच्या आधी त्याला ताप आला. गल्लीत घरोघरी डेंग्यू होता. पहिले काही दिवस गोळ्यांवर गेले, मग प्लेटलेट उतरायला लागल्या आणि दवाखान्यात हलवलं. भाऊ प्रत्येक डॉक्टरला, नर्सला, सलाइन बदलणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “पायलट हाय पोरगा. ड्यूटीवर जायचंय त्याला. जरा लक्ष द्या.” मी उशाशी उभी होते. दादाचे डोळे मिटलेले होते, ओठ सुकलेले. मला वाटलं झोपलाय. तो न बघता पुटपुटला, “बोलू दे त्यांना... बरा झालो की सांगतो.” त्यानंतर तो माझ्याशी बोलला असेल तर ते पाण्याचं आणि उशीचं. दवाखान्याच्या कागदावर व्यवसाय पायलट. स्मशानात कुणीतरी केलेल्या भाषणात पायलट. फ्लेक्सवर कॅप्टन. मेल्यावर माणसाचं खरं बाहेर येतं म्हणतात. आमच्याकडे उलट झालं. मेल्यावर दादाच्या खांद्यावरच्या पट्ट्या वाढल्या.

भेटायला लोक येत राहिले, आणि भाऊ त्यांना ती खोली दाखवत राहिले. संगणक सुरू करता येतो तो मला, म्हणून मला खाली हाक यायची. मी विमान लावायचे, पाहुणे बघायचे, डोळे पुसायचे, चहा प्यायचे. शिकवणीवाले सरही एकदा येऊन गेले. भाऊंनी त्यांना विचारलं, “आपण अमोलचे कोण?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ओळखीचा होता.” चांगले गृहस्थ आहेत. शोकाच्या घरात काय बोलायचं नाही ते त्यांना कळतं. आमच्या सगळ्यांनाच ते फार चांगलं कळतं.

गेल्या आठवड्यात लासूर स्टेशनहून एक जण आले. मार्केटात त्यांचं अडत दुकान आहे, भाऊंची जुनी ओळख. बरोबर त्यांची मुलगी होती, बारावीतली, चष्मा लावणारी. दुःखाचे दोन शब्द बोलून झाल्यावर ते म्हणाले, “भाऊ, खरं सांगू का, सल्ला घ्यायला आलो. पोरीला पायलट करावं म्हणतो. ह्यातलं तुमच्याएवढं माहीत असलेलं माणूस आपल्याकडं नाय.”

भाऊ ताठ होऊन बसले. दादा गेल्यापासून मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज मोठा झाला. कुठली परीक्षा आधी, डोळ्यांची तपासणी कशी, कुठलं स्कूल टाळायचं, सगळं ते सांगत गेले, आणि मला जाणवलं की हे त्यांना खरंच माहीत आहे; मुलाच्या पाठीमागे बसून त्यांनी ते शिकून घेतलं आहे. “अमोलची तर ऑर्डर निघाली होती,” ते म्हणाले. “दसऱ्याला जॉइन व्हायचा होता. आपलंच नशीब खोटं.”

“मंग जमीन काढावी म्हणता?”

“काढा की. जमिनीचं काय घिऊन बसलात! पोरीचं नाव हुईल.” मग ते माझ्याकडे वळले. “मिने, लाव ते. पोरीला दाखव.”

मी उठून खोलीत गेले. ते तिघं मागून आले. मुलगी टेबलाच्या कडेला उभी राहिली. तिला खरंच उडायचं आहे की नाही, हे तिच्याकडे बघून सांगता येत नव्हतं. असेल तर तिने उडावं. पण ज्या मुलाचं नाव घेऊन तिचा बाप जमीन विकणार होता, त्याच्याविषयी खरं ऐकून उडावं. मी बटणावर हात ठेवला. भाऊंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतक्या आठवड्यांनंतर पहिल्यांदा जिवंत दिसत होता, आणि त्यांच्याजवळ आता एवढंच उरलं आहे हे मला दिसत होतं. तरी मी बटण दाबलं नाही.

“भाऊ, ऑर्डर निघाली नव्हती,” मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. “लाव तू ते,” म्हणाले.

पाहुणे कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होते. दारात काकू येऊन उभी राहिली होती. माझा आवाज बारीक आहे, म्हणून मी जरा मोठ्याने बोलले.

“दादाला नोकरी लागली नव्हती, भाऊ. त्याला उडायचंही नव्हतं, शिकवायचं होतं. ते त्याचं त्याला ज्या रविवारी पक्कं कळलं, त्या दिवशी तो जन्मात नव्हता इतका खूश होता... आणि तुम्ही त्याच्या शेजारीच जेवायला बसला होता.”